मनचावचं कूळ आणि मूळ

मंगळवारची रात्र. संभाजीनगरहून येणारी एसटी दौलताबादच्या वेशीत अडकते, घरी पोचेपर्यंत आठ वाजतात, आणि पोळ्या लाटायची ताकद कुणाच्याच हातात उरलेली नसते. अशा रात्री आमच्या घरी मनचाव सूप होतं. वीस मिनिटांचं काम आहे.

अद्रक, लसूण आणि हिरवी मिरची अगदी बारीक चिरायची. वाटायची नाही, वाटली की त्याला आपल्या रस्स्याची चव यायला लागते. कढई चांगली तापली की दोन चमचे तेलात हे तिन्ही मोठ्या आचेवर अर्धा मिनिट परतायचं. मग कोबी, गाजर, फरसबी, ढोबळी मिरची, सगळं बारीक. दोन मिनिटांत चार कप पाणी, दीड चमचा सोया सॉस, मिरेपूड आणि मीठ जपून, कारण सोया सॉस आधीच खारट असतो. उकळी फुटली की दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून ओतायचं आणि ढवळत राहायचं. पाणी गारच हवं. गरम पाण्यात पिठाचे बाहेरचे कण लगेच फुगतात, आतलं पीठ कोरडं राहतं आणि गुठळी होते. व्हिनेगर गॅस बंद केल्यावर. आंबटाबरोबर फार वेळ उकळलं की पिठाचा दाटपणा मोडतो आणि सूप पुन्हा पाणचट होतं. वरून कांद्याची पात आणि तळलेल्या नूडल्स. नूडल्स नसतील तर बारीक शेव. नाकं मुरडू नका, छान लागते.

एकदा जेवताना आमच्याकडच्या सातवीतल्या पोरानं विचारलं, "हे चीनमधली माणसं रोज खातात का?"

खात नाहीत. त्यांना बहुतेक माहीतही नाही. पण मग हे आलं कुठून, आणि आणलं कुणी? ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. सुपाचं शोधायला काही हरकत नसावी असं वाटलं, म्हणून शोधलं, आणि ते सूप एका बऱ्याच अवघड ठिकाणी घेऊन गेलं.

आधी नावाचं बघू. मनचाव, मंचाव, मांचाव. गाडीगणिक स्पेलिंग वेगळं. नाव मांचू लोकांवरून आलं असं सगळे मानतात. मांचू म्हणजे चीनच्या ईशान्येकडच्या मांचुरियातले लोक. त्यांच्या छिंग घराण्यानं 1644 मध्ये पेकिंग घेतलं आणि 1912 पर्यंत चीनवर राज्य केलं. आमच्या गावाच्या हिशोबानं सांगायचं तर औरंगजेब दख्खनेत शेवटची वर्षं घालवत होता तेव्हा तिकडे गादीवर खांगशी हा मांचू बादशाह होता. एक 1707 मध्ये गेला आणि खुलताबादेत पुरला गेला, दुसरा 1722 पर्यंत जगला. या मांचूंच्या स्वयंपाकघराशी आपल्या मनचावचा काडीचा संबंध नाही.

मनचावचा जवळचा नातेवाईक आहे मांचुरियन, आणि मांचुरियनचा पत्ता पेकिंगचा नसून चर्चगेटचा आहे. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वांग हे चिनी वंशाचे आचारी मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात होते. 1975 साली कुणीतरी नेहमीपेक्षा वेगळं काही मागितलं, तेव्हा त्यांनी अद्रक, लसूण, हिरवी मिरची घेतली आणि पुढं गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, कॉर्नफ्लोअरनं दाट केलं. ही हकीकत त्यांच्याच नावावर सांगितली जाते. नीट बघितलं तर सुरुवात आपल्या कुठल्याही कालवणाची आहे. फक्त वळण वेगळं घेतलं. मनचाव त्याच वळणावरचं: तोच सोया सॉस, तेच पीठ, पाणी जास्त.

आता वाटीत काय काय आहे ते मोजू. मिरची अमेरिकेतली, पोर्तुगिजांबरोबर आलेली. ढोबळी मिरचीही त्याच घरची. मका तिकडचाच, म्हणजे कॉर्नफ्लोअरही. कोबी हा शब्दच पोर्तुगीज 'कोव्ह'वरून आला. गाड्यांवर चिमूटभर पडणारी ती पांढरी पूड टोकियोच्या किकुनाए इकेदांनी 1908 मध्ये समुद्री शेवाळातून शोधली, म्हणजे जपानी. तिच्यावरून 1968 साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एक पत्र छापून आलं आणि 'चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम' नावाची भीती जगभर पसरली. तीही चिनी लोकांच्याच नावावर चढली. खरोखर चिनी म्हणावा असा एक सोया सॉस उरतो.

आणि अद्रक? ते आमचं. खुलताबाद, कन्नड, फुलंब्री या पट्ट्यात अद्रकाची लागवड मोठी आहे. मका तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. ज्या वर्षी अद्रकाचा भाव पडतो त्या वर्षी गावात कुणी सुपाच्या गप्पा मारत नाही, हे जाता जाता सांगून ठेवते.

'शेजवान'चंही असंच. सिचुआन हा चीनच्या आतला, समुद्रापासून लांबचा प्रांत. तिथल्या तिखटाची खूण म्हणजे जिभेला मुंग्या आणणारी एक मिरी. आपल्या शेजवान चटणीत ती नसते. गंमत अशी की तिची सख्खी चुलत बहीण कोकणात माशाच्या आमटीत पडते, तिरफळ. म्हणजे मालवणच्या बांगड्याचं तिखलं एका बाबतीत सिचुआनच्या जास्त जवळ आहे. 'सूप' शब्दाबाबतही फसायला होतं. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 1875 चं मराठी पाककृतींचं पुस्तक 'सूपशास्त्र' नावाचं आहे, पण तो सूप संस्कृतातला, वरणाच्या जातीचा. 

इथपर्यंत सगळं मजेचं होतं. पुढं मी जरा थबकले, आणि थबकण्याची जागा माझ्या रोजच्या रस्त्यावरच होती.

संभाजीनगर ते खुलताबाद रस्ता दौलताबादच्या जुन्या वेशीतून जातो. किल्ल्यात वर चढताना एक पडकी इमारत लागते, चिनी महाल. तिच्या दर्शनी भिंतीवर निळ्या-पिवळ्या चकाकत्या फरशा होत्या, अजून काही तुकडे दिसतात. चिनी मातीच्या कामाची म्हणून चिनी. भांडं चमकलं की ते चिनी, ही सवय आपल्याला फार जुनी आहे. या महालाचा उपयोग तुरुंग म्हणून झाला. 1687 मध्ये गोवळकोंडा पडल्यावर औरंगजेबानं शेवटचा कुतुबशहा अबुल हसन, ज्याला सगळे तानाशहा म्हणतात, त्याला इथं आणून ठेवलं. तो पुन्हा बाहेर आलाच नाही. त्याची कबर खुलताबादेत आहे, म्हणजे कैदी आणि कैद करणारा आज एकाच गावात.

चीनशी या किल्ल्याचा आणखी एक धागा आहे. मुहम्मद तुघलकानं इब्न बतूताला आपला वकील म्हणून चीनच्या बादशाहाकडे पाठवलं. 1342 मध्ये तो दिल्लीहून निघाला आणि वाटेत दौलताबादला थांबला. त्याच्या प्रवासवर्णनात इथल्या किल्ल्यातल्या कैद्यांच्या खड्ड्यांबद्दल आहे, आणि तिथल्या मांजरांपेक्षा मोठ्या उंदरांबद्दल. मराठ्यांच्या जेवणाबद्दलही तो लिहितो: भात, भाज्या, तिळाचं तेल. मिरची कुठंच नाही, असणारच नाही. ती यायला अजून दीडेकशे वर्षं होती.

तुघलकानं राजधानी हलवली तेव्हा दिल्लीहून जी माणसं आली त्यांत सूफी बुऱ्हानुद्दीन गरीब होते. 1337 मध्ये ते वारले, त्यांचा दर्गा आमच्या गावात आहे. 'गरीब' म्हणजे आपण समजतो तसा निर्धन, पण अरबीत या शब्दाचा मूळ अर्थ आहे परका, परगावचा माणूस. त्यांच्या समोरच्या दर्ग्यातले झैनुद्दीन शिराझी नावाप्रमाणे इराणातल्या शिराझचे. गावाबाहेर मलिक अंबरची कबर आहे. इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून एकाकडून दुसऱ्याकडे विकला गेला, निजामशाहीचा पेशवा झाला, आज ज्याला संभाजीनगर म्हणतो ते खडकी शहर त्यानं 1610 मध्ये वसवलं आणि 1626 मध्ये वारला. एवढ्याशा गावात एवढे 'गरीब' आहेत.

त्यांच्याबरोबर जेवणही आलं. नान खलिया आज आमच्या जिल्ह्याची ओळख आहे, लग्नात तो नसेल तर पाहुणे मागून बोलतात. तो तुघलकाच्या लष्कराला एकदम मोठ्या प्रमाणावर जेवू घालण्यासाठी सुरू झाला असं इथं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. लष्कराची गोष्ट खरी असो की रचलेली, तो बाहेरून आला याबद्दल कुणाला शंका नाही. आणि आता तो बाहेरचा आहे असंही कुणी म्हणत नाही.

मग मनचाव ज्यांच्यामुळे आलं त्या माणसांचं काय झालं? कारण या सगळ्यात चिनी पदार्थ खूप भेटतात, चिनी माणूस भेटत नाही.

तो होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस तोंग अछ्यू नावाच्या व्यापाऱ्यानं वॉरन हेस्टिंग्जकडून कोलकात्याजवळ हुगळीकाठी जमीन मिळवली आणि साखरेचा कारखाना काढला. त्याच्या नावावरून त्या जागेला आजही अछीपूर म्हणतात. त्यानंतर येत राहिले: कँटनचे सुतार, हुपेहचे दात बसवणारे, आणि हक्का. हक्का नूडल्समधले हक्का. ही नूडल्सची जात नाही, माणसांचा समाज आहे. कोलकात्यात टांगरा भागात चामडं कमावण्याचे कारखाने त्यांनी चालवले, चपलांची दुकानं काढली, पुढं हॉटेलं. 'हक्का' या शब्दाचा चिनी भाषेतला अर्थ आहे पाहुणी कुटुंबं. उत्तरेकडून दक्षिणेत आले म्हणून तिथल्या लोकांनी दिलेलं नाव. बुऱ्हानुद्दीन गरीब आणि हक्का, दोन्ही नावांचा अर्थ जवळपास एकच निघतो हे मला एका रात्री सूप ढवळताना लक्षात आलं आणि कॉर्नफ्लोअर ओतायचं राहिलं.

महाराष्ट्रात तर ते आधी कैदी म्हणून आले. महाबळेश्वरला 1834 ते 1864 या काळात एक तुरुंग होता. मलाया-सिंगापूरकडच्या इंग्रज वसाहतींतून शिक्षा झालेले चिनी आणि मलायी कैदी तिथं ठेवत. थंड हवेच्या ठिकाणी आलेल्या साहेबांसाठी बटाटे आणि विलायती भाज्या पिकवायचं काम त्यांच्याकडे होतं. तिथल्या एका धबधब्याला अजून 'चायनामन फॉल्स' म्हणतात, त्यांच्या मळ्यांमुळे. आपण तिथं सेल्फी काढतो. मुंबईत माझगावला खलाशी आणि गोदीतल्या कारागिरांची वस्ती झाली, त्यांचं 1919 मध्ये बांधलेलं सी यूप मंदिर गोदीजवळच्या एका साध्या इमारतीत अजून उभं आहे.

आणि मग 1962.

त्याआधीची हवा वेगळी होती. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये चिनी जखमींवर उपचार करायला गेले आणि 1942 मध्ये तिथंच वारले, व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर सिनेमा काढला. 'हिंदी-चिनी भाई भाई'च्या घोषणा झाल्या. ऑक्टोबर 1962 मध्ये युद्ध सुरू झालं आणि नोव्हेंबरमध्ये आसाम, शिलाँग, दार्जिलिंग भागातल्या चिनी वंशाच्या घरांवर पोलीस आले. आई-वडील, आजी-आजोबा यांच्यापैकी कुणी चीनचं असलं तरी पुरे होतं. खटला नाही, आरोप नाही. सुमारे तीन हजार माणसं, त्यात म्हातारी आणि तान्ही मुलंही, रेल्वेनं अर्धा देश ओलांडून राजस्थानात देवळीच्या छावणीत नेली गेली. आसामातल्या माकूमसारख्या गावातून आलेल्या, चहाच्या मळ्यात वाढलेल्या लोकांना वाळवंटाकडचा उन्हाळा काढायचा होता.

देवळीची छावणी नवी नव्हती. इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथं राजकीय कैदी ठेवले होते, त्यांत जयप्रकाश नारायण होते, आपले कॉम्रेड डांगे होते. 1941 मध्ये त्यांनी तिथल्या वागणुकीविरुद्ध उपोषण केलं, देशभर ओरड झाली. एकवीस वर्षांनी त्याच कुंपणात स्वतंत्र भारतानं भारतात जन्मलेली मुलं ठेवली, आणि फारशी ओरड झाली नाही. युद्ध महिनाभरात संपलं होतं. छावणी चालू राहिली, शेवटचे लोक 1967 मध्ये सुटले. परत आल्यावर कित्येकांना घर-दुकान मिळालं नाही. मालमत्ता 'शत्रूची' म्हणून लिलावात गेली होती. काहींना चीनला धाडलं, जो देश त्यांनी पाहिलेलाही नव्हता. जॉय मा यांचा जन्म त्या छावणीतच झाला. त्यांनी आणि मुंबईचे लेखक दिलीप डिसोझा यांनी 2020 मध्ये या लोकांच्या हकिगतींचं 'द देवळीवालाज' हे पुस्तक लिहिलं. सरकारनं अजून माफी मागितलेली नाही.

आता तारखा शेजारी ठेवून पाहा. 1967 मध्ये शेवटचा कैदी सुटला. 1975 मध्ये चर्चगेटला मांचुरियन झालं. मधे आठ वर्षं. ज्या समाजाच्या तोंडावर लोक संशयानं बघत होते त्याच समाजातल्या एका आचाऱ्याच्या हातचं खाण्यासाठी मुंबई रांग लावायला लागली, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ते गाडीगाडीनं, पाकिटापाकिटानं आमच्या घाटावर येऊन पोचलं. आज खुलताबादच्या रस्त्यावर लाल ड्रॅगन रंगवलेल्या गाडीमागे उभा असलेला मुलगा आसपासच्या वाडीवस्तीतला असतो. त्यानं आयुष्यात चिनी माणूस पाहिलेला नसतो. त्याच्या धंद्याबद्दल माझी तक्रार नाही, त्याचा मनचाव माझ्यापेक्षा चांगला होतो. त्याची आच मोठी असते.

पण 2020 च्या जूनमध्ये गलवानची चकमक झाली आणि केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी चायनीज पदार्थांवर आणि ते विकणाऱ्या हॉटेलांवर बहिष्काराचं आवाहन केलं. तेव्हा सोशल मीडियावर खूप विनोद झाले, मीही हसले. चर्चगेटच्या मांचुरियनवर बंदी घालून पेकिंगला काय फरक पडणार? आता ते तेवढं विनोदी वाटत नाही. नाव चिनी आहे म्हणून मनचाव शत्रूचं, हा हिशोब 1962 मध्ये माणसांना लावून झाला होता. सुपाचं काही बिघडलं नाही. त्यांचं सगळं बिघडलं.

मला इथं गुळगुळीत बोलायचं नाही. जेवण सीमा पुसतं वगैरे आपण सहज म्हणतो, पण मनचावच्या बाबतीत तसं दिसत नाही. जेवण आत आलं आणि माणूस बाहेर गेला. नान खलियाबरोबर आलेले 'गरीब' इथं राहिले, त्यांच्या कबरींवरून आजही भांडणं होतात, पण निदान ते इथले आहेत की नाहीत यावर भांडायला ते इथं आहेत. हक्का लोकांच्या बाबतीत भांडणसुद्धा उरलं नाही.

गेले कुठं? देवळीतून सुटलेले आणि टांगऱ्यातून हळूहळू निघालेले बरेच जण कॅनडात, टोरांटोच्या आसपास गेले. तिथं त्यांनी काढलेल्या हॉटेलांवर 'हक्का चायनीज' अशी पाटी असते, आणि आत मिळतं ते मांचुरियन, चिली चिकन, मनचाव. चीनमधून आलेले लोक तिकडे फारसे फिरकत नाहीत, गिऱ्हाईक भारतीय. माझी मामेबहीण तिथं शिकायला गेली आहे. पहिल्या हिवाळ्यात तिनं मला सुपाच्या वाटीचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "ताई, इथं चायनीज गल्लोगल्ली आहे, पण आपलं नाही लागत. आपलं खायचं तर एकच जागा, हक्काची." मी तिला विचारलं, दुकानात कोण आहे? तिनं लिहिलं, एक म्हातारे काका आहेत, गल्ल्यावर बसतात, हिंदी चांगलं बोलतात, आणि तू कुठली म्हणून विचारलं तर मी महाराष्ट्र म्हणाले. मग त्यांना विचारलं, तुम्ही कुठले? तर म्हणाले, आसाम.